तीन कोटांचा बोल्ट

काकांनी ब्रेक दाबला आणि स्वयंपाकघरातला दिवा विझला.

ब्रेक सोडला, दिवा लागला. पुन्हा दाबला, पुन्हा विझला. तपासणी केंद्राच्या आवारात काकांच्या गाडीला जोडलेल्या कॅम्परच्या मागे उभ्या असलेल्या तपासनीसबाईंनी हातातल्या पॅडवरून मान वर केली.

"मी ब्रेकचे दिवे दाखवा म्हटलं होतं. ते नुसते मिणमिणतायत. आणि आतला दिवा कशाला विझवताय?"

"मी कुठे विझवतोय! तो त्याच्या मर्जीने विझतोय," काका गाडीच्या खिडकीतून म्हणाले. "तेवढीच बॅटरी वाचते."

"डावीकडचा सिग्नल द्या."

काकांनी दिला. डावा दिवा लुकलुकला आणि त्याच्या जोडीने उजवाही लुकलुकायला लागला. बाईंनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"नक्की वळायचंय कुठे तुम्हाला?"

"ते आम्ही चौकात गेल्यावर ठरवतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांच्या बोटांना जोडणीच्या दांड्याचं ग्रीस लागलं होतं, म्हणून त्या कॅम्परच्या आत हात धुवायला गेल्या आणि त्यांनी नळ सोडला. पंप कण्हला, पाण्याचा थेंबही आला नाही, मागचे लाल दिवे मात्र झोकात लागले. बाहेर उभ्या असलेल्या काकूंनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. बाईंनी कागदावर 'नापास' लिहिलं. कारणासाठी खाली एकच ओळ होती. ती पुरेना, म्हणून त्यांनी कागद उलटा करून मागे लिहिलं.

"अजून दोनदा येता येईल," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदाही नापास झाला तर नोंदणी रद्द. मग हे भंगारात."

"भंगारात?" काका गाडीतून उतरलेच. "अहो बाई, भंगार कशाला म्हणता? जरा वाकून सांगाडा बघा! तीन कोट मारलेत त्याला!"

आता हे तीन कोटांचं प्रकरण आधी सांगून टाकतो. काका धंद्याने पेंटर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं, फाटकं, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. एका कोटावर भागवणाऱ्या माणसाला ते माणसात धरत नसत. पहिला कोट पोटभरीचा, दुसरा शोभेचा आणि तिसरा इमानाचा, असं त्यांचं म्हणणं. गल्लीत त्यांना 'तीनकोट' म्हणत आणि ते ऐकून त्यांची कॉलर ताठ होई. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा जुना कॅम्पर घेतला. म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, एक पलंग, एक ओटा, दोन खिडक्या. गंजून पार चाळण झालेला. आठ महिने काकांनी तो खरवडला, घासला, सुटा केला आणि रंगवला. बाहेरून मोतिया रंग, कडेला निळी रेघ. खाली सांगाडा काळा कुळकुळीत. जिथे माणूस मेल्याशिवाय वाकून बघणार नाही अशा जागीही तीन कोट. रंग इतका सुंदर झाला होता की शत्रूनेही वाहवा म्हणावं.

काकूंनी त्यात पडदे शिवले. तीस वर्षं त्या एका शिलाईच्या दुकानात ज्या खिडकीशी बसल्या, त्या खिडकीतून समोर फक्त पुढच्या इमारतीची भिंत दिसायची. तीस वर्षं तीच भिंत आणि भिंतीवरचा तोच पाइप. "मला आता अशी खिडकी पाहिजे," त्या म्हणाल्या होत्या, "की आज उघडली तर एक दिसेल आणि पुढच्या आठवड्यात उघडली तर दुसरंच." काकांना त्या दिवशी भरून आलं होतं. त्यांनी खिडकीच्या चौकटीला चौथा कोट मारला.

पण लेकीला हे खूळ पसंत नव्हतं. पहिल्या नापासाची बातमी कळताच तिचा फोन आला.

"बाबा, पुरे झालं आता. द्या ते भंगारवाल्याला आणि दोघं इकडे या राहायला. मागची खोली रिकामीच असते. या वयात रस्त्यावर राहायचं म्हणजे काय!"

"रस्त्यावर नाही, रस्त्याच्या कडेला," काका म्हणाले. "आणि हे बघ, तिसऱ्यांदा नापास झालो ना, तर मी स्वतः भंगारवाल्याला बोलावीन आणि तुझ्या मागच्या खोलीत मुकाट्याने येऊन पडेन. शब्द आहे माझा!"

काकूंच्या हातातली सुई थांबली. "शब्द देण्याआधी मला विचारलंत?"

"नापास होणारच नाही, मग विचारायचं काय त्यात!"

दुसऱ्या दिवशी लेकीने मागच्या खोलीतला पसारा आवरायला घेतला, असं कळलं. कार्टी बापाच्या शब्दावर विश्वास ठेवते, पण बापाच्या हातावर नाही. काकांचं डोकं फिरलं ते तिथे.

आता तुम्ही म्हणाल, विजेचा घोटाळा आहे तर सरळ वायरमनला बोलवावं. अहो, वायरमन घरातलाच होता! काकूंचा सख्खा धाकटा भाऊ. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या वायरी त्याच्या हातच्या. पण काकांचं आणि त्याचं वीस वर्षं बोलणं नव्हतं.

झालं होतं असं. काकांनी एकदा घराच्या पुढच्या खोलीची भिंत रंगवली. चार दिवस खपून, तीन कोट, वर हात फिरवला तर रेशीम. पाचव्या दिवशी मेव्हणा ताईला खूश करायला पंख्याचं नवं बटण बसवायला आला आणि त्याच भिंतीला छन्नी लावून वरपासून खालपर्यंत चर खोदून मोकळा झाला. काका बाजारातून परतले तेव्हा भिंतीचं आतडं बाहेर आलं होतं. त्यानंतर दोघे एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. मात्र येणं-जाणं चालूच होतं. मेव्हणा दर रविवारी न चुकता चहाला येई, बरोब्बर त्याच बटणाखाली बसे आणि जे बोलायचं ते काकूंमार्फत बोले. एकाच टेबलावर समोरासमोर जेवतानाही "ताई, भाऊजींना सांग, मीठ इकडे द्या," असं चाले. काकू मीठ उचलून देत आणि निरोपही पोचवत.

तसा तो त्या रविवारीही आला. काका मागच्या अंगणात कॅम्परखाली उताणे पडलेले, मेव्हणा पुढच्या खोलीत बटणाखाली, आणि मध्ये अख्खं घर.

"ताई, भाऊजींना विचार, बल्ब बघितले का."

काकू घर ओलांडून मागे गेल्या. "बल्ब बघितले का?"

"सांग त्याला, बल्ब बघायला मला चर खोदणारा माणूस लागत नाही!"

काकू पुढे आल्या. "बघितले म्हणतात."

"फ्यूज?"

मागून उत्तर आलं, "सांग, फ्यूज शाबूत आहेत. त्याच्या अकलेपेक्षा बरे आहेत."

"चांगले आहेत म्हणतात," काकूंनी पुढे येऊन सांगितलं.

मेव्हण्याने कप खाली ठेवला. "मग अर्थिंग बघायला सांग. हे बघ ताई, कॅम्परमध्ये वीज जाते वायरीतून, पण परत येते लोखंडी सांगाड्यातून. सगळ्या दिव्यांच्या परतीच्या वायरी एका बोल्टवर आणून सांगाड्याला आवळलेल्या असतात. तो बोल्ट सैल झाला, गंजला, की परतीची वाट बंद. मग वीज मिळेल त्या दिव्यातून घुसते. ब्रेक दाबला की आतला दिवा विझतो तो म्हणूनच. विचार, बोल्ट नीट आहे का."

एवढं सगळं लक्षात ठेवून काकू मागे गेल्या आणि त्यांनी विचारलं, "अर्थिंगचा बोल्ट नीट आहे का?"

"सांग त्याला, घट्ट आहे! गंजाचा कण नाही! आणि तीन कोट मारलेत!"

काकू पुढे आल्या. "घट्ट आहे. गंज नाही म्हणतात."

त्यांची काही चूक नव्हती हो. काकांचं कुठलंही वाक्य घ्या, शेवटी तीन कोट यायचेच. जेवायला काय करू, तर म्हणणार, काहीही कर, फाटकाला तीन कोट मारलेत. लग्नानंतर वर्षभरातच काकूंनी वाक्याचं ते शेपूट ऐकणं सोडलं होतं. आणि दोन पुरुषांचे निरोप इकडून तिकडे न्यायचे तर वरची खरकटी काढूनच न्यावे लागतात, नाहीतर वीस वर्षांत घरात दोन तरी डोकी फुटली असती.

"अर्थिंग ठीक असेल," मेव्हणा डोकं खाजवत म्हणाला, "तर मग वायरीच आतून तुटल्यात. बदला म्हणावं सगळ्या. मी येऊन बघितलं असतं..."

"सांग त्याला," मागून काका ओरडले, कारण काकू एवढ्यात त्यांच्यापर्यंत पोचल्या होत्या, "माझ्या कॅम्परला हात लावायचा नाही! छन्नी आणलीय का बघ आधी पिशवीत!"

"तुला त्रास नको म्हणतात," काकूंनी पुढे येऊन सांगितलं.

काकांनी वायरी बदलल्या. एक एक करून, जुनी जिथून निघाली तिथेच नवी लावून. कामाला माणूस वाघ, त्यात वाद नाही. फक्त दुकानात लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या वायरी पाहून त्यांनी नाक मुरडलं. मोतिया भिंतीवर हिरवी वायर? त्यांनी घरी आणून सगळ्या वायरी मोतिया रंगवल्या आणि मगच बसवल्या. कुठली कुठे जाते ते आता देवालाही कळलं नसतं, पण दिसायला देखण्या होत्या.

दुसऱ्या तपासणीला ब्रेक दाबला आणि स्वयंपाकघरातला दिवा विझला. बाईंनी नवीन काही लिहिलंच नाही. 'मागील पानाप्रमाणे' एवढंच लिहिलं.

लेकीने संध्याकाळी पलंगाचा फोटो पाठवला. मागच्या खोलीची खिडकीही फोटोत होती, आणि खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसत होती. काकूंनी फोटो पाहिला, फोन उलटा करून ठेवला आणि पुन्हा पडद्याला टाके घालायला बसल्या. काका येऊन समोर बसले.

"अजून एक संधी आहे," ते म्हणाले.

"दादाला बोलावू?" काकूंनी विचारलं. धाकटा असला तरी त्या त्याला दादाच म्हणत.

"बोलाव. पण कुंपणाबाहेर! आत पाऊल टाकलं तर मी तपासणीच देणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

तिसरी तपासणी शुक्रवारी दुपारी. मेव्हणा हत्यारांची पिशवी घेऊन वेळेआधी हजर झाला आणि शहाण्यासारखा आवाराच्या तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहिला. आत कॅम्पर, कॅम्परजवळ काका. मध्ये पन्नास पावलं तापलेलं डांबर. तपासनीसबाई आल्या, त्यांनी घड्याळ पाहिलं आणि बाकावर डबा काढला.

"माझी जेवणाची अर्धा तास सुट्टी आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा नंबर त्यानंतर. तोवर काय करायचं ते करून घ्या. सुट्टी संपली की मी ब्रेक दाबायला सांगेन आणि जे दिसेल ते लिहीन."

"लिहा!" काका म्हणाले. "सोन्याच्या अक्षरांनी लिहाल!" आणि त्यांनी हळूच ब्रेक दाबून पाहिला. दिवा विझला.

मग सुरू झाली काकूंची वारेमाप पायपीट. कुंपणापासून कॅम्परपर्यंत, कॅम्परपासून कुंपणापर्यंत. "दादा म्हणतो, आतल्या दिव्याची वायर सोडून बघा." "हे म्हणतात, कुठली ती कळत नाही." "का कळत नाही?" "का कळत नाही?" "सगळ्या मोतिया आहेत." "दादा म्हणतो, सगळ्या मोतिया का आहेत?" "सांग त्याला, सौंदर्यदृष्टी नावाची एक गोष्ट असते!" सहाव्या खेपेला काकू कुंपणाच्या आणि कॅम्परच्या बरोब्बर मध्यावर थांबल्या. त्यांनी एकदा भावाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग वळल्या आणि सरळ बाकावर तपासनीसबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या.

"अगं, काय म्हणाला तो?" काका ओरडले.

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी आता जाणार नाही. वीस वर्षं तुम्हा दोघांची हमाली केली. तुमचे टोमणे खाऊन त्याला गोड सांगायचं, त्याचे टोमणे खाऊन तुम्हाला गोड सांगायचं. चहा मी करायचा, निरोप मी न्यायचे, आणि शब्द देताना मात्र मला कोणी विचारायचं नाही! ती खोली तुम्हाला नाही मिळणार, मला मिळणार आहे. ती भिंत मी बघत बसणार आहे. दोघांना तोंडं आहेत ना? मग बोला! नाहीतर जाऊ द्या भंगारात, मी इथून हलत नाही!"

तपासनीसबाईंनी आपल्या डब्याचं झाकण काकूंच्या पुढे धरलं, त्यात अर्धं जेवण काढून ठेवलेलं होतं. "घ्या," त्या म्हणाल्या. काकूंनी घेतलं.

काकांना घाम फुटला. अठरा मिनिटं उरली होती. त्यांनी मेव्हण्याकडे पाठ केली, आभाळाकडे तोंड केलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "कोणाला ऐकायचं असेल त्याने ऐका! बल्ब नवे आहेत, फ्यूज नवे आहेत, वायरी नव्या आहेत!"

मेव्हण्याने कुंपणाच्या खांबाला सांगितलं, "कोणी ऐकत असेल तर माझं अजूनही म्हणणं आहे, ही सगळी लक्षणं अर्थिंगची आहेत. बोल्ट!"

"बोल्ट घट्ट आहे!" काका आभाळाला म्हणाले. "गंजाचा कण नाही! आणि तीन कोट मारलेत!"

मेव्हण्याने खांबाचा नाद सोडला. मग त्याने वीस वर्षांत पहिल्यांदा काकांकडे सरळ पाहिलं.

"काय मारलेत?"

"कोट!" काकाही गर्रकन वळले. "तीन!"

"कुठे?"

"कुठे म्हणजे? बोल्टला! बोल्टखालच्या लोखंडाला! वायरींच्या टोकाला त्या गोल कड्या असतात त्यांना! एकेक सुटं केलं, रंगवलं, वाळवलं आणि मग आवळलं. तुझ्यासारखं नाही, काम म्हणजे काम!"

मेव्हण्याने पिशवी कुंपणावरून आत फेकली आणि मागोमाग स्वतः तार ओलांडून आला. पँट तारेत अडकून टर्रकन फाटली, त्याचंही त्याला भान नव्हतं. "भाऊजी! अहो भाऊजी! रंगातून वीज जात नाही हो! तुम्ही तिची परतीची वाट रंगाने लिंपून टाकलीत, वर तीन वेळा!" मग तो बाकाकडे वळला. "ताई, रविवारी मला हे का नाही सांगितलंस?"

"त्यांचं प्रत्येक वाक्य तीन कोटांनीच संपतं," काकू घास गिळत म्हणाल्या. "मी ते पस्तीस वर्षं गाळते. यातलं एक कामाचं निघेल हे मला काय ठाऊक!"

मेव्हणा कॅम्परखाली घुसायला निघाला, तसे काका दोन्ही हात पसरून आडवे आले. "थांब! काय करणार आहेस?"

"बोल्ट काढतो आणि खालचा रंग खरवडतो. लोखंडाला लोखंड लागलं पाहिजे."

"माझा रंग खरवडणार? तू? एकदा माझी भिंत फोडलीस तेव्हा मी गप्प बसलो..."

"गप्प? वीस वर्षं मीठसुद्धा मागून घेतलं नाहीत तुम्ही!"

"तूच मागत होतास मीठ! आणि खोटं सांगतोयस. रंगाने कधी कोणाचं वाटोळं झालं नाही. मी नाही मानत!"

मेव्हण्याने वाद घातला नाही. त्याने पिशवीतून हातभर लांब उघडी वायर काढली, एक टोक बोल्टवरच्या वायरींच्या नागड्या तारेला चिकटवलं आणि दुसरं जोडणीच्या दांड्याच्या घासून चकाकलेल्या टोकावर दाबलं. "दाबा ब्रेक."

काकांनी गाडीत बसून ब्रेक दाबला. मागचे दोन्ही दिवे लालभडक पेटले. स्वयंपाकघरातला दिवा ढिम्म हलला नाही. मेव्हण्याने वायर काढली. मागचे मिणमिणले, आतला विझला. पुन्हा लावली, पुन्हा पेटले. काकांनी हे तीनदा करायला लावलं. चौथ्यांदा सांगणार होते, पण बाकाकडे नजर गेली. काकू जेवत नव्हत्या. झाकण मांडीवर ठेवून त्या त्या दोन लाल दिव्यांकडे बघत होत्या.

काका खाली उतरले. "सरक," ते म्हणाले.

"भाऊजी, मी हलक्या हाताने..."

"सरक म्हणतो ना! माझा रंग आहे. मारला मी, काढणारही मीच."

आणि ते कॅम्परखाली उताणे झाले. अकरा मिनिटं राहिली होती. पान्याने बोल्ट सोडवला, कडी उतरवली आणि पत्रीने खरवडायला घेतलं. आधी काळा निघाला, इमानाचा. मग त्याखालचा काळा, शोभेचा. मग पहिला. मेव्हणा शेजारी आडवा होऊन पॉलिशपेपरचे तुकडे फाडून देत होता आणि एकही शब्द बोलत नव्हता, हा त्याचा मोठेपणाच म्हणायचा. प्रत्येक पापुद्र्यासरशी काकांच्या जिवाला चटका बसत होता. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतःचा चांगला रंग कधी खरवडला नव्हता. डोळ्यांत धूळ गेली, ते पाणी पुसायलाही थांबले नाहीत. शेवटी रुपयाएवढं लोखंड उघडं पडलं.

"बास?" काकांनी विचारलं.

"कडी पण. दोन्ही बाजूंनी."

बोल्ट आवळून दोघं बाहेर आले तेव्हा बाई घड्याळाकडे बघत उभ्या होत्या.

"ब्रेक."

दोन दिवे पेटले. आतला जागचा हलला नाही.

"डावीकडे."

एकटा डावा लुकलुकला. उजवीकडे सांगितलं, एकटा उजवा. बाई आत गेल्या आणि त्यांनी नळ सोडला. पाणी धो धो आलं आणि मागचे दिवे आपल्या जागी शांत राहिले. बाईंनी जेवणाचे हात त्याच पाण्याने धुतले, बाहेर आल्या, वाकून सांगाड्याखाली बॅटरी मारली आणि कागदावर 'पास' लिहिलं. त्याखाली अजून काहीतरी लिहिलं.

काकांनी कागद जवळजवळ हिसकावूनच घेतला. खाली शेरा होता: 'एकंदर रंगकाम उत्कृष्ट. मात्र अर्थिंगच्या बोल्टपाशी रंग उडालेला आहे. महिन्याभरात रंगवून घ्यावे.'

काकांच्या नाकपुड्या फुलल्या.

"नाही रंगवणार," ते म्हणाले.

"नियम आहे," बाई म्हणाल्या. "उघडं लोखंड ठेवता येत नाही."

"नियम असेल! चाळीस वर्षांत माझ्यासमोर एकही लोखंड उघडं राहिलं नाही, हे राहील! या बोल्टला जो ब्रश लावील त्याच्याशी मी वीस वर्षं बोलणार नाही! काय हो वायरमन, बरोबर बोलतोय ना?"

"एकदम बरोबर, भाऊजी!"

"मग शेरा तसाच राहील," बाई म्हणाल्या. आणि त्या हसल्या की काय, अशी शंका काकूंना आली, पण खात्री करून घेण्याआधी त्या पुढच्या गाडीकडे गेल्या होत्या.

काकांनी तिथूनच लेकीला फोन लावला.

"काय झालं बाबा? खोली तयार आहे हं. कालच रंग दिला."

"किती कोट?"

"एक... का?"

"मग नाही येत आम्ही," काका म्हणाले. "पास झालो. हिंडून आलो की येतो आणि दोन मारून देतो. तोवर पलंगावर कोणाला झोपू देऊ नकोस, वास येत असेल अजून." आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पर निघाला. रात्री मुक्कामाला राहिलेल्या मेव्हण्याने फाटक्या पँटबद्दल वाईट वाटून घेऊ नये म्हणून त्याला त्याच्या घरापर्यंत सोडायचं ठरलं, मग पुढच्या गावापर्यंत, आणि मग तो उतरायचंच विसरला. पुढे दोघे भाऊजी-मेव्हणे, मागच्या सीटवर काकू. काकूंनी खिडकीची काच खाली केली. बाहेर लांबपर्यंत एकही भिंत नव्हती. त्या डोळे भरून बघायला लागल्या.

"भाऊजी, डावीकडून घ्या. जवळ पडतं."

"तुला रस्ता कोणी विचारला? माझ्या भिंतीला चर खोदताना बरं जवळचा रस्ता दिसला नाही तुला!"

"अहो, तुमच्या त्या भिंतीच्या रंगाची छटाच चुकली होती! मी उपकार केले!"

"छटा? मला छटा शिकवतोस? त्या मोतियाला मी..."

"तीन कोट मारलेत! माहीत आहे! आणि त्या मोतिया वायरींचं काय? उद्या काही बिघडलं तर कुठली ओढायची? तुमचं डोकं!"

अर्ध्या तासात वीस वर्षांचं सगळं बाहेर निघालं, आणि निघालेलं संपेचना. गाळायला मध्ये कोणी नव्हतं, त्यामुळे जसंच्या तसं. डाव्या वळणावर काकांनी रागाच्या भरात सिग्नल दिला. एकटा डावाच लुकलुकला. पण ते बघायला दोघांनाही सवड नव्हती.

काकूंनी काच वर केली आणि पुढे वाकून दोघांच्या मध्ये डोकं घातलं.

"गप्प बसा दोघं," त्या म्हणाल्या. "एकमेकांशी एक अक्षर बोलायचं नाही. ज्याला जे सांगायचं असेल ते मला सांगा."